यूजनेट: फायलींच्या भाराखाली दबलेली चर्चा

२० मे २०१० रोजी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने आपला यूजनेट सर्व्हर, म्हणजे विषयवार गटांत (न्यूजग्रुपांत) चालणाऱ्या जगभरच्या चर्चाजाळ्यातला आपला संगणक, बंद केला. वापर घटला आणि खर्च वाढला, अशी दोन कारणे देण्यात आली. याच विद्यापीठात १९७९ साली टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यूजनेटची कल्पना मांडली होती. जवळच्या चॅपेल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविन यांनी तिचे पहिले रूप शेल स्क्रिप्टमध्ये लिहून दाखवले होते.

ती दोन कारणे शेजारी शेजारी ठेवून वाचली की प्रश्न पडायला हवा. माणसे कमी होत असतील, तर खर्च वाढायचे कारण काय? दहा जण कमी झाले की दहा जणांचा भार कमी व्हायला हवा. यूजनेटमध्ये तसे होत नव्हते, आणि का होत नव्हते हे समजले की पुढच्या घसरणीतले बरेचसे आपोआप उलगडते. ‘वेब आले आणि लोक तिकडे गेले’ हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. चर्चा आणि फायली एकाच नळाने वाहत होत्या, आणि फायलींच्या वजनाने तो नळ इतका महाग झाला की ज्याच्या त्याच्या हिशेबात चर्चेसह सगळेच बंद करणे स्वस्त पडू लागले. या प्रकरणाचा आमचा निष्कर्ष हा आहे.

खर्च वाचणाऱ्यांवर ठरत नव्हता

यूजनेटला मध्यवर्ती सर्व्हर नाही. प्रत्येक सर्व्हर काही शेजारी सर्व्हरांशी, म्हणजे पीअरांशी, देवाणघेवाण ठरवतो. एखादी पोस्ट आली की तो पीअरला विचारतो, या मेसेज-आयडीची, म्हणजे या ओळखक्रमांकाची, पोस्ट तुझ्याकडे आहे का? पीअर आपली हिस्टरी फाइल, म्हणजे आलेल्या पोस्टच्या आयडींची नोंदवही, तपासतो. नोंद नसेल तर पोस्ट मागून घेतो, साठवतो, पाथ या हेडरमध्ये, म्हणजे पोस्टच्या माथ्यावरच्या नोंदीत, स्वतःचे नाव जोडतो आणि आपल्या बाकीच्या पीअरांना देऊ करतो. ज्याचे नाव पाथमध्ये आधीच आहे त्याला ती पोस्ट परत देऊ केली जात नाही. अशा रीतीने एक पोस्ट काही वेळात जगातल्या प्रत्येक सहभागी सर्व्हरच्या डिस्कवर जाऊन बसते, आणि वाचणारा ती आपल्या जवळच्या सर्व्हरवरून वाचतो.

१९८० मध्ये ही रचना अतिशय शहाणपणाची होती. जोडणी मोडेमने होत असे, यूयूसीपी नावाच्या पद्धतीने रात्री फोन लावून फायली ढकलल्या जात. लांबचा कॉल एकदाच करायचा आणि शंभर जणांनी स्थानिक प्रत वाचायची, यात उघड बचत होती. सुरुवातीच्या रचनाकारांनी दिवसाला एक-दोन पोस्ट येतील असे धरले होते. वाढ झाली तशी सॉफ्टवेअरची पिढी बदलत गेली. १९८१ मध्ये बर्कलीत मेरी हॉर्टन आणि मॅट ग्लिकमन यांचे बी न्यूज आले. १९८६ मध्ये ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांनी एनएनटीपी हा, इंटरनेटवरून पोस्ट देण्याघेण्याचा, प्रोटोकॉल मांडला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रिच साल्झ यांचे आयएनएन हे सर्व्हरचे सॉफ्टवेअर आले, आणि ते आजही चालते.

पण या रचनेत एक अट दडलेली आहे. सर्व्हरवर किती माल येणार हे तुमच्या वाचकांच्या संख्येवर ठरत नाही, बाकीचे जग किती लिहिते यावर ठरते. वीस वाचकांचा सर्व्हर आणि वीस हजार वाचकांचा सर्व्हर यांचा पूर्ण फीड, म्हणजे आत येणारा सगळा माल, सारखाच. पोस्ट म्हणजे दोन-तीन किलोबाइट मजकूर होता तोवर ही अट कुणाला जाणवली नाही.

ऑल्टचे दार

१९८६-८७ मध्ये गटांची सर्व नावे बदलण्यात आली. कॉम्प, मिस्क, न्यूज, रेक, साय, सॉक आणि टॉक अशा सात शाखा झाल्या. १९९५ मध्ये ह्युमॅनिटीज ही आठवी जोडली गेली. त्या काळी या शाखांत नवा गट काढायचा तर आधी चर्चा आणि मग मतदान होई. विरोधापेक्षा होकार किमान १०० ने जास्त लागत, आणि एकूण मतांत होकार दोन-तृतीयांश लागत. १९८७ मध्येच ब्रायन रीड, जॉन गिलमोर आणि गॉर्डन मॉफेट यांनी या व्यवस्थेबाहेर ऑल्ट ही शाखा सुरू केली. तिथे कुणीही ‘न्यूग्रुप’ हा नियंत्रण संदेश पाठवायचा, आणि तो मानायचा की नाही हे ज्या त्या सर्व्हरने ठरवायचे.

या मोकळिकीतून उत्तम गट निघाले हे नाकारण्यात अर्थ नाही. टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबची माहिती ऑगस्ट १९९१ मध्ये ऑल्ट.हायपरटेक्स्टवर दिली, आणि त्याच महिन्यात लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची वार्ता कॉम्प.ओएस.मिनिक्सवर टाकली. पण ऑल्ट.बायनरीज ही बायनरींची, म्हणजे चित्रे आणि प्रोग्रॅम यांसारख्या फायलींची, उपशाखाही याच दारातून आली.

यूजनेट फक्त मजकूर वाहून नेई. चित्र किंवा प्रोग्रॅम पाठवायचा तर आधी त्याची अक्षरे करावी लागत, आणि त्यासाठी यूयूएन्कोड वापरले जाई. तीन बाइटची चार अक्षरे, म्हणजे तिथेच ३३ टक्के वाढ. त्यात प्रत्येक ओळीला सुरुवातीचे लांबीचे अक्षर आणि शेवटची दोन ओळसमाप्तीची चिन्हे. ४५ बाइटची एक ओळ तारेवर ६३ बाइटची होते. थोडक्यात, १० मेगाबाइटची फाइल १४ मेगाबाइट होऊन जगातल्या प्रत्येक सर्व्हरवर साठवली जाई.

पोस्टच्या आकाराला मर्यादा असल्यामुळे फाइल तुकड्यांत पाठवावी लागे, आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. चर्चेतली एखादी पोस्ट गहाळ झाली तर संदर्भ थोडा तुटतो, बाकीचे वाचता येते. फाइलचा एक तुकडा गहाळ झाला तर सगळी फाइल निकामी. एखाद्या सर्व्हरवर १०० पैकी ९९ पोस्ट नीट पोचतात असे धरा. चर्चेसाठी हे अगदी चालण्यासारखे आहे. पण १०० तुकड्यांची फाइल तिथे पूर्ण मिळण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्के. प्रमाण सुधारून हजारात ९९९ केले आणि फाइल हजार तुकड्यांची झाली, की पुन्हा तेच ३७ टक्के. मग लोक ‘अमुक तुकडा पुन्हा टाका’ म्हणत, कुणीतरी कधी तो तुकडा तर कधी पूर्ण फाइल पुन्हा टाके, आणि ती पुन्हा सगळ्या जगभर जाई.

यावरचे उपाय बुद्धिमान होते. २००१ च्या सुमारास पार फायली आल्या. रीड-सॉलोमन गणितावर आधारलेले थोडे जादा तुकडे सोबत टाकायचे, आणि कोणतेही हरवलेले तुकडे तेवढ्याच संख्येच्या जादा तुकड्यांतून भरून काढायचे. त्याच वर्षी युर्गेन हेल्बिंग यांचे वायएन्क आले. बाइट जवळजवळ जसेच्या तसे पाठवायचे आणि फक्त धोक्याची मोजकी मूल्ये चिन्हांकित करायची. वाढ ४० टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांवर आली. मग न्यूझबिन या फायली शोधून देणाऱ्या संकेतस्थळाने एनझेडबी फाइल काढली, जिच्यात एका फाइलच्या सगळ्या तुकड्यांचे मेसेज-आयडी असत. ती न्यूजरीडरला, म्हणजे पोस्ट वाचण्याच्या प्रोग्रॅमला, दिली की गट उघडण्याचीही गरज उरली नाही. यातल्या प्रत्येक उपायाने पाठवणाऱ्याचे आणि उतरवून घेणाऱ्याचे कष्ट कमी केले. साठवणाऱ्या तिसऱ्या माणसाचा भार यातल्या कुणाच्याच हिशेबात नव्हता. वायएन्कने वाचवलेली जागा नव्या फायलींनी पाहता पाहता भरून टाकली.

आकडे काय सांगतात

पूर्ण फीडचा रोजचा आकार १९९६ च्या अखेरीस सुमारे ४.५ गिगाबाइट होता. जानेवारी १९९९ मध्ये तो २६ गिगाबाइटवर गेला, जानेवारी २००० मध्ये ८२, जानेवारी २००४ मध्ये जवळपास ९७० गिगाबाइट, २०१० च्या सुरुवातीला साडेपाच टेराबाइटच्या आसपास.

हे आकडे वाहिनीच्या भाषेत मांडले म्हणजे चालकांवर काय गुदरले ते कळते. त्या काळी अमेरिकेतल्या संस्थांकडे टी-१ लाइन असे, सेकंदाला १.५४४ मेगाबिटची. ती चोवीस तास तुडुंब भरून चालवली तर दिवसाला साधारण १६.७ गिगाबाइट वाहून नेते. म्हणजे १९९९ उजाडताना पूर्ण टी-१ फक्त यूजनेटसाठी दिली तरी फीड मावत नव्हता, ईमेल आणि वेब दूरच. २००४ च्या फीडला अखंड ९६ मेगाबिट लागत, म्हणजे १०० मेगाबिटचे इथरनेट कार्ड काठोकाठ. २०१० मध्ये साडेपाचशे मेगाबिट. आणि ही मागणी फक्त आत येणाऱ्या एका प्रतीची. दोन पीअरांना पुढे द्यायचे तर बाहेर दुप्पट.

डिस्कचा हिशेब आणखी सोपा. पोस्ट किती दिवस ठेवता येईल, म्हणजे रिटेन्शन, हे डिस्कचा आकार भागिले रोजचा फीड. एक टेराबाइट डिस्कवर २००० साली बारा दिवस, २००४ मध्ये एक दिवस, २०१० मध्ये साडेचार तास.

चर्चेला खरा फटका बसला तो इथे. आयएनएनमध्ये सीएनएफएस नावाची साठवण आहे. डिस्कवर ठरावीक आकाराचा बफर असतो, शेवटापर्यंत भरला की लिहिणे पुन्हा सुरुवातीपासून सुरू होते आणि जुने पुसले जाते. ती वेगवान आहे, डिस्क भरून सर्व्हर कोसळत नाही, म्हणून व्यग्र सर्व्हरांवर ती लोकप्रिय झाली. पण सगळ्या गटांना एकच बफर दिला असेल तर बायनरी गटांतला एका रात्रीचा पूर साय आणि कॉम्पमधल्या चर्चा पुसून टाकतो. आठवडाभर बाहेर गेलेला वाचक परत येतो तेव्हा त्याला उत्तरे दिसतात, मूळ प्रश्न दिसत नाही. महिनाभर चाललेला वाद मधूनच सुरू झाल्यासारखा वाटतो. लोक चर्चेतून उठून जायला लागतात, आणि उठून जाणारा माणूस ‘रिटेन्शन कमी आहे’ असे कारण देत नाही; ‘इथे आता काही राहिले नाही’ असे म्हणतो. उपाय माहीत असलेला होता. मजकूर गटांना वेगळा बफर, बायनरींना वेगळा, आणि मजकूर गटातसुद्धा ठरावीक आकारावरची पोस्ट आली तर ती बायनरीच्या बफरात. ज्या चालकांनी हे वेळेवर केले त्यांच्याकडे चर्चा बरीच वर्षे टिकली.

साधी, एका पोस्टला एक फाइल अशी पारंपरिक साठवण (स्पूल) वापरणाऱ्यांचे वेगळेच हाल झाले. डिस्कवर जागा शिल्लक असे आणि आयनोड, म्हणजे फायलींच्या नोंदीच्या जागा, संपलेले असत, शिवाय लाखो फायलींच्या डिरेक्टरीत एक पोस्ट शोधायलाही वेळ लागे. हिस्टरी फाइलचा प्रश्न त्याहून किचकट. पोस्ट कालबाह्य झाली तरी तिच्या आयडीची नोंद काही दिवस ठेवावी लागते, नाहीतर संथ पीअरकडून तीच पोस्ट नवी म्हणून परत येते. दिवसाला एक कोटी पोस्ट, अकरा दिवसांची आठवण आणि नोंदीला शंभरएक बाइट धरले तर अकरा गिगाबाइटची फाइल होते, आणि तिच्यात प्रत्येक पोस्टसाठी कुठेतरी मध्येच वाचायला जावे लागते. तिची अनुक्रमणिका मेमरीत मावेनाशी झाली की डिस्कची सुई नाचत राहते, सर्व्हर मागे पडतो, पीअरांकडे थकबाकी साठते आणि ते ती फेकून देतात. तुकडे गहाळ होतात. पुन्हा टाकण्याची मागणी वाढते. फीड आणखी फुगतो.

विश्वासाची बाजू

चर्चेवरचा दुसरा आघात स्पॅमचा. १२ एप्रिल १९९४ रोजी कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने अमेरिकेच्या ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात हजारो गटांत टाकली. त्यात तांत्रिक मेख अशी की त्यांनी क्रॉसपोस्ट केले नाही. क्रॉसपोस्ट म्हणजे एकच पोस्ट अनेक गटांच्या नावे. ती सर्व्हरवर एकदाच साठते, आणि एका गटात वाचली की न्यूजरीडर ती दुसऱ्या गटात पुन्हा दाखवत नाही. इथे प्रत्येक गटासाठी वेगळी पोस्ट होती, त्यामुळे वाचणाऱ्याला ती प्रत्येक गटात भेटत राहिली.

समाजाने प्रतिकार केला, आणि तो विचारपूर्वक केला. स्पॅम मजकुरावरून ठरवायचा नाही, फक्त संख्येवरून ठरवायचा, हे तत्त्व स्वीकारले गेले. माप होते ब्राइडबार्ट निर्देशांक. तीच पोस्ट जितक्या वेळा टाकली त्या प्रत्येक वेळी ती किती गटांत गेली त्याचे वर्गमूळ घ्यायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. नऊ गटांत एक क्रॉसपोस्ट म्हणजे ३. नऊ गटांत नऊ वेगळ्या पोस्ट म्हणजे ९. ४५ दिवसांत बेरीज २० झाली की ती पोस्ट इतरांनी रद्द करणे योग्य मानले जाई. क्रॉसपोस्टला सवलत आणि सुट्या भडिमाराला शिक्षा देणारा हा निर्देशांक, मोजक्या साधनांत काय करता येते याचे सुंदर उदाहरण आहे. याहून कडक उपाय म्हणजे यूजनेट डेथ पेनल्टी, एखाद्या सेवादात्याकडून येणाऱ्या सगळ्याच पोस्ट नाकारणे. ऑगस्ट १९९७ मध्ये यूयूनेटवर ती लावली गेली आणि आठवडाभराच्या आत मागे घेतली गेली, कारण कंपनीने स्पॅमला आळा घातला.

पण या सगळ्याचा पाया कच्चा होता. कॅन्सल संदेशावर, म्हणजे पोस्ट रद्द करणाऱ्या संदेशावर, सही नसे, कुणीही कुणाच्याही नावे तो पाठवू शके. स्पॅम काढणारे जे हत्यार वापरत तेच नको असलेली मते पुसायलाही वापरले गेले, आणि अखेर अनेक सर्व्हरांनी कॅन्सल मानणेच सोडले. मॉडरेट केलेल्या गटांतही मंजुरीचा अप्रूव्हड हेडर हाताने लिहिता येई. पोस्टमधला खरा ईमेल पत्ता गोळा करून त्यावर जाहिरातींचा मारा होई, म्हणून लोक खोटे पत्ते लिहू लागले, आणि जाणत्या माणसाला खासगीत एक ओळ लिहून शंका विचारायची जुनी सवय मोडली.

मॉडरेट गटांचा अंत अनेकदा फार मुका झाला. अशा गटात लिहिलेली पोस्ट थेट प्रसिद्ध होत नाही, ईमेलने मॉडरेटरकडे जाते. मॉडरेटरने नोकरी बदलली, ती पेटी बंद झाली, की पोस्ट कुठेतरी विरून जाते आणि लिहिणाऱ्याला काही कळत नाही. गट यादीत असतो, सर्व्हर चालू असतो आणि चर्चा थांबलेली असते.

१९९३-९४ मध्ये एओएलसारख्या मोठ्या सेवांतून एकदम आलेल्या नवख्यांना दोष देण्याची पद्धत आहे. आम्हाला तो दोष अन्यायाचा वाटतो. एरवी दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, रीत मोडत आणि जुने सदस्य त्यांना ती शिकवत. शिकवणारे तेवढेच राहिले आणि शिकणारे कितीतरी पट झाले, हा क्षमतेचा प्रश्न होता. वेबवरच्या चर्चास्थळांना एक मालक होता, काढून टाकण्याचे बटण होते, खाते होते. हे तिन्ही यूजनेटला त्याच्या रचनेमुळेच देता येत नव्हते.

बंद होण्याची साखळी

जून २००८ मध्ये न्यूयॉर्कचे तत्कालीन अॅटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांच्या कार्यालयाने ८८ न्यूजग्रुपांत बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे आढळल्याचे सांगितले आणि मोठ्या सेवादात्यांशी करार केले. टाइम वॉर्नर केबलने न्यूजग्रुप सरसकट बंद केले. व्हेरायझनने ऑल्ट शाखा टाकून आठ मुख्य शाखाच ठेवल्या. एटी अँड टीने आधी ऑल्ट.बायनरीज आणि २००९ मध्ये सगळी सेवाच बंद केली. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये आपले तांत्रिक न्यूजग्रुप मिटवून लोकांना वेबवरच्या मंचांकडे वळवले.

ते गुन्हे खरे होते आणि कारवाई गरजेची होती. तरीही हजारो गटांतले ८८ वगळता येत असताना शाखाच्या शाखा का गेल्या? आमचे मत असे की खर्चाच्या वहीत हा निर्णय आधीच पिकला होता. शेकडो मेगाबिट वाहिनी, दर वर्षी नव्या डिस्क आणि वापरणारे ग्राहक मूठभर, अशा स्थितीत कायद्याची जोखीम वर आली की वेचून काढायला कुणी बसत नाही. व्हेरायझनचा पहिला निर्णय, मजकूर ठेवून ऑल्ट टाकणे, हा खर्चाच्या दृष्टीने योग्य मार्ग होता आणि तो दहा वर्षे आधी सगळ्यांना खुला होता. मात्र तेव्हा पैसे देणारे ग्राहक बायनरींसाठीच पूर्ण फीड मागत होते.

फायलींची बाजू मेली नाही, ती विकत मिळणारी सेवा झाली. मोजके घाऊक पुरवठादार प्रचंड साठवण ठेवतात आणि इतर नावे त्यांच्याकडून घेऊन विकतात. कॉपीराइटचा दावा आला की तुकडे काढले जातात. २०१० मध्ये लंडनच्या न्यायालयात न्यूझबिन हरले, आणि २०११ मध्ये त्याच्या पुढच्या अवताराचा रस्ता बीटी या ब्रिटिश इंटरनेट कंपनीने अडवावा असा आदेश झाला. त्यावर पाठवणाऱ्यांनी नावे अर्थहीन अक्षरांत लपवली. आता गट उघडून पाहणाऱ्याला तिथे काय आहे ते कळूच शकत नाही, किल्ली बाहेरच्या कुणाच्या तरी यादीत असते. २०२४ च्या सुरुवातीला पूर्ण फीड दिवसाला अडीचशे टेराबाइटच्या पुढे गेला होता. माणसामाणसातला संवाद म्हणाल तर त्यात जवळजवळ शून्य.

जुन्या मजकुराचे नशीब एकाच दोरीला टांगले गेले. १९९५ मध्ये सुरू झालेले डेजा न्यूज हे यूजनेटचे संग्रहस्थळ फेब्रुवारी २००१ मध्ये गूगलने घेतले. त्याच वर्षी टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर यांनी जपलेल्या १४१ चुंबकीय टेपांवरच्या १९८१ ते १९९१ मधल्या पोस्ट त्यात आल्या, आणि डिसेंबरमध्ये ७० कोटी संदेशांचा संग्रह खुला झाला. डिस्क महाग होती तेव्हा, कुणी सांगितलेले नसताना, त्या टेपा ठेवल्या गेल्या म्हणून यूजनेटचे पहिले दशक आज वाचता येते. पुढे गूगल ग्रुप्सचे, म्हणजे हा संग्रह आणि यूजनेट वेबवरून देणाऱ्या गूगलच्या सेवेचे, दार स्पॅमवाल्यांनी धरले. २०२३ मध्ये तिथून येणाऱ्या पुराने मजकूर गट इतके भरले की कित्येक चालकांनी तिकडच्या पोस्ट घेणेच थांबवले. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सने यूजनेटच्या नव्या पोस्ट घेणे-देणे बंद केले, जुने वाचता येते. त्यानंतर गटांत जे उरले ते थोडे आहे, पण स्वच्छ आहे.

आज मजकूर सर्व्हर चालवायचा तर

बायनरी वगळल्या की जुने ओझे नाहीसे होते. दिवसाला ५० मेगाबाइट धरले तरी वर्षाला १८ गिगाबाइट. अगदी लहान भाड्याचे यंत्र पुरते, आणि काहीच कालबाह्य न करता पोस्ट कायम ठेवता येतात.

स्थिर आयपी पत्ता घ्या आणि त्याची उलटी नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी) नीट करा, कारण पीअर तीच तपासतात. आयएनएनची २.७ मालिका बसवा. पाथमध्ये जाणारे नाव तुमचे स्वतःचे, पूर्ण आणि कायमचे डोमेन असावे. ते पुढे बदलले तर तुमच्याच पोस्ट तुम्हाला परत देऊ केल्या जातात. गटांची यादी आयएससी या संस्थेच्या सार्वजनिक अॅक्टिव्ह फाइलवरून घ्या. फीडच्या नमुन्यात, म्हणजे कोणते गट घ्यायचे त्याच्या नियमांत, आधी सगळे नाकारा, मग आठ मुख्य शाखा आणि हव्या त्या प्रादेशिक शाखा एकेक करून उघडा, आणि शेवटी नावात कुठेही ‘बायनरीज’ असलेले गट पुन्हा नाकारा. क्रम उलटा झाला तर शेवटचा नियम जिंकतो आणि दार उघडे राहते. पोस्टचा कमाल आकार मूळ दहा लाख बाइट असतो, तो ६४ ते १२८ किलोबाइटवर आणा. प्रामाणिक मजकुराला एवढे भरपूर होते, आणि चुकून आलेली फाइल दारातच अडते. त्यावर क्लीनफीड हा गाळणीचा प्रोग्रॅम लावा.

पीअर निदान तीन ठेवा, एक बंद पडला तरी चर्चेत खंड पडत नाही. ते न्यूज.अॅडमिन.पीअरिंग या गटात विचारून मिळतात. एनएनटीपीचे पोर्ट ११९, वाचकांसाठी कूटबद्ध जोडणी ५६३ वर. पोस्ट करायला खाते सक्तीचे करा आणि प्रत्येक खात्याला दर तासाची मर्यादा घाला. खुला सर्व्हर स्पॅमवाल्यांना सापडतोच, आणि एकदा बदनाम झाला की पीअर सोडून जातात. गट बनवणारे-काढणारे नियंत्रण संदेश सही तपासूनच माना. कॅन्सल मानायचे तर फक्त कॅन्सल-लॉक जुळणारे. ही पद्धत २०१८ मध्ये प्रमाणित झाली आणि तिच्यामुळे पोस्ट रद्द करणारा मूळ लेखकच आहे की नाही हे पडताळता येते. तीस वर्षे आधी ती असती तर कॅन्सलचे हत्यार इतके बदनाम झाले नसते.

एक सापळा जवळजवळ प्रत्येकाला भेटतो. किती जुनी पोस्ट स्वीकारायची याची मर्यादा दहा दिवसांची असते, हिस्टरीतली आठवण अकरा दिवसांची. गहाळ पोस्ट भरून काढायच्या म्हणून पहिली वाढवली आणि दुसरी तशीच ठेवली, तर कालबाह्य पोस्ट नव्या म्हणून परत येऊ लागतात. आठवण नेहमी मर्यादेपेक्षा मोठी ठेवा.

संग्रह करायचा असेल तर मूळ बाइट हात न लावता ठेवा. एमबॉक्स स्वरूपात, म्हणजे अनेक पोस्ट एकाच फाइलीत ठेवताना, ‘फ्रॉम’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींपुढे चिन्ह जोडले जाते, ते नंतर निःशंकपणे काढता येत नाही, म्हणून एक पोस्ट एक फाइल हे बरे. दुहेरी पोस्ट मेसेज-आयडीवरून ओळखा. गटातल्या अनुक्रमांकावर कधी विसंबू नका, तो प्रत्येक सर्व्हरचा वेगळा असतो. सर्वात जुन्या, ए न्यूज (बी न्यूजच्या आधीचे सॉफ्टवेअर) काळातल्या पोस्टना आजच्यासारखे हेडरच नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा वाचणारा प्रोग्रॅम लिहावा लागतो. १९९२ पूर्वीच्या पोस्टवर अक्षरसंचाची नोंद नसते, त्यामुळे युरोपीय आणि रशियन गटांत तो अंदाजाने ठरवावा लागतो. तो अंदाज वेगळ्या फाइलीत लिहा, पोस्टमध्ये नाही. आणि ज्या पोस्टवर संग्रह नको अशी एक्स-नो-आर्काइव्हची खूण आहे, ती सार्वजनिक प्रतीत घेऊ नका.